थोरल्या सुनेची मूठ

रबराचा ठसा म्हटला की लोकांना कचेरी आठवते: जांभळी शाई, वाकडी सही आणि ‘उद्या या’ म्हणणारा माणूस. माझी थोरली बहीण कुंदा पेडणेकर हिने ज्या ठशांवर आपले डोळे आणि मनगट झिजवले, त्यांचा कचेरीशी काडीचा संबंध नाही. तिचे ठसे शोभेचे असतात. मोर, कोयरी, कमळ, पत्रिकेच्या कोपऱ्यात बसणारी सनई, कापडी पिशवीवर ओळीने चालणारे हत्ती. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात बसून ती हे काम करते. गाळ्याची मालकीण गार्गी ही तिशीतली, सुशिक्षित आणि गोड बोलणारी मुलगी आहे. शनिवारी ती वांद्र्याला ठसेकामाचे वर्ग घेते. तिथे दमलेले नोकरदार शुल्क भरून येतात, कागदावर मोर उमटवतात आणि मन शांत झाल्याचे एकमेकांना सांगतात. तो मोर जिने कोरला तिच्या मनाची चौकशी करण्याची तिथे पद्धत नाही.

चौकशी न करण्याची ही पद्धत केवळ वांद्र्याची असती, तर मी हे लिहायला बसलो नसतो. आमच्या नात्यागोत्यात गेल्या भाद्रपदापासून एक वाक्य फिरते आहे: “कुंदाने आडमुठेपणा केला आणि गौरीला नाराज केलं.” लग्नाच्या पंगतीत, बारशात, स्मशानातून परतताना रिक्षाच्या रांगेतही हे वाक्य मी ऐकले आहे. बोलणाऱ्यांपैकी एकालाही घडलेली गोष्ट पुरती ठाऊक नाही. म्हणून ती इथे लिहितो.

कुंदाताईचे सासरे धोंडू पेडणेकर आणि आमचे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. गिरणीला टाळे लागले तेव्हा दोघांनी मिळून कुलपाला शिव्या दिल्या आणि त्या दुःखातच सोयरीक जमवली. थोरला मुलगा श्यामसुंदर ताईला चांगला मिळाला. अबोल, निर्व्यसनी, कुणाच्याही वाटेला न जाणारा. सासरचे घर दहिसरला, नदीच्या अंगाला असलेल्या चाळीत होते. पुढे चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला आणि त्यात पेडणेकरांना अकराव्या मजल्यावर घर मिळाले. त्या घरी सासूसासरे आणि धाकटा मुलगा निलेश राहिले. ताई आणि श्यामसुंदर चारकोपच्या सेक्टरात एका लहान घरात आले. पण गौर थोरल्या घरी, म्हणजे दहिसरलाच येत राहिली.

पेडणेकरांची गौर पावलांवरून घरात येते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, त्यात दोन्ही मुठी बुडवायच्या, करंगळीकडची कड जमिनीवर टेकवायची की पावलाचा आकार उमटतो. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले की झाली बोटे. उंबरठ्यापासून गौरीच्या पाटापर्यंत अशी पावले काढायची आणि सवाष्णीने गौर घेऊन त्यांवरून चालत आत यायचे. हे पुष्कळ घरांत होते. पेडणेकरांकडे त्याला एक जास्तीचा नियम होता. मुठी घरातल्या सर्वांत थोरल्या सवाष्णीच्याच असायच्या. ती थकली की तिने एका वर्षी आपल्या हाताने थोरल्या सुनेच्या मुठी पिठात बुडवायच्या आणि पहिले पाऊल उमटवून घ्यायचे. याला ते ‘मूठ देणे’ म्हणत. मूठ मिळालेल्या सुनेला त्या दिवसापासून घरात आवाज येई. ती बसली की धाकट्या उठत.

माझ्या बहिणीला आयुष्यात जर कशाची आस असेल, तर ती या मुठीची होती. मला हे हास्यास्पद वाटे. मी तिला तसे सांगितलेही.

“तुला हसू येतं, भाऊ,” ती म्हणाली. “तुला ऑफिसात खुर्ची आहे. मला त्या घरात पाट तरी आहे का सांग. मी गेले की म्हणतात, आली का, कांदे चिर.”

तिची सासू माणिकबाई. उंच, काटक, बोलणे विळीसारखे. मूठ देण्याचा विषय निघाला की त्या म्हणत, “माका अजून काय झाला नाय.” मग एका वर्षी त्यांना झाले. हातांना कंप सुटला. चहाची बशी ओठापर्यंत नेईतो अर्धी रिकामी होई. त्या वर्षीची पावले फिसकटली. चिखलातून कोंबडी गेल्यासारखी दिसत होती. निलेशची बायको श्वेता हिने मोबाइलवर चित्रण केले होते, ते तिने कुणाला दाखवले नाही.

आता मूठ मिळणार, असे आम्हा सर्वांना वाटले. माणिकबाईंनी मात्र भिंतीकडे तोंड करून दोन दिवस जेवण टाकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईला जवळ बोलावले.

“गे कुंदा, हात थरथरतत म्हणान माका उठवतलास काय? गौर माज्याच पावलांनी येतली.”

“आये, कोण उठवतंय तुम्हाला?”

“मगे कर काय ता. तू येवडे मोर नि हत्ती करतंस.”

इथे माझ्या बहिणीने जी चूक केली, ती दुसऱ्या कुठल्या घरातली सून करूच शकली नसती, कारण दुसऱ्या घरांतल्या सुना ठसे कोरत नाहीत. तिने सासूची मूठ ठशात उतरवायचे ठरवले. सकाळी औषध घेतल्यावर थोडा वेळ कंप थांबे, तेवढ्यात माणिकबाईंच्या दोन्ही मुठी शाईवर टेकवून तिने कागदावर उमटवून घेतल्या. गार्गीच्या गाळ्यात एरवी चित्राचा साचा करून रबर यंत्रात भाजतात. हे तिने यंत्राला दिले नाही. मऊ रबराचा जाड तुकडा घेऊन तिने हाताने कोरले. मुठीवरची प्रत्येक सुरकुती, करंगळीच्या जुन्या मोडीचा बाक, सगळे. तांदळाचे पीठ गुळगुळीत रबरावरून ओघळून जाते, ठरत नाही. म्हणून तिने पृष्ठभागावर सुईने बारीक टोचे दिले आणि लाकडी ठोकळ्याच्या आत स्पंजाचा थर बसवला. महिनाभर ती रोज काम संपल्यावर मागे थांबत होती. मी एकदा तिला आणायला गेलो तेव्हा तो ठसा तिने माझ्या तळहातावर दाबून दाखवला.

“कसा आलाय?”

“तुझ्या सासूचा आहे, दुसरं काय सांगू? पण तू हे का करतेस? ती मूठ तुझी आहे आता.”

“तसं फिसकटलेलं बघवत नाही रे मला,” ती म्हणाली. “छाप स्वच्छच यायला हवी.”

छाप स्वच्छ आली. त्या गौरीला माणिकबाई बसल्या बसल्या उंबरठ्यापासून पुढे सरकत गेल्या आणि ताईने त्यांच्या हाताला धरून ठसे टेकवले. अकराव्या मजल्यावरच्या चकचकीत फरशीवर अशी पावले उमटली की शेजारचे गुजराती कुटुंब पाहायला आले. धोंडूकाकांनी डोळे पुसले. सगळे ताईला ‘कमाल केलीस’ म्हणाले. कमाल तिने केलीच होती. मूठ देण्याची गरजच तिने स्वतःच्या हाताने संपवून टाकली होती आणि हे त्या खोलीत कुणाच्याही लक्षात आले नाही, तिच्याही नाही.

पुढच्या माघात माणिकबाई गेल्या. नवरा हयात असताना गेल्या, हिरव्या चुड्यानिशी गेल्या. आमच्यात अशा मरणाला भाग्य म्हणतात आणि अशा बाईच्या वस्तू देवघरात ठेवतात. ठशांची जोडी हळदकुंकू लावून देवघरात गेली. वर्षाच्या आत सण झाला नाही. त्यानंतरच्या भाद्रपदात ताई नवे लुगडे नेसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून दहिसरला गेली. थोरली सवाष्ण आता तीच होती. मीही गेलो होतो. तिने परातीत पीठ कालवले, मुठी वळल्या, आणि श्वेता देवघरातून ठसे घेऊन आली.

“वहिनी, थांबा ना. आईंची पावलं आहेत की.”

“अगं, पण आता मी…”

“आईंनी मूठ कुणाला दिलीच नाही ना पण?” श्वेता म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो. ती बँकेत नोकरी करते आणि नियम सरळ वाचते. “आणि आई अहेव गेल्या. त्यांच्या पावलांनी गौर येणं म्हणजे केवढं पुण्य! तुम्हीच तर केलेत ठसे. झकास केलेत.”

सगळे धोंडूकाकांकडे पाहू लागले. म्हाताऱ्याने ठसा हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “माणिक अजून घरात येता, तर तिका कित्याक अडवायची?”

ताईने मुठी उघडल्या, हात परातीबाहेर काढून धुतले. आता ठशाला थोरली कशाला लागते? ठसा कुणीही दाबावा. श्वेताने दाबला. डावे, उजवे, डावे, उजवे, मध्येच थांबून मोबाइल कुठे ठेवायचा ते निलेशला सांगत. ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिने कांदे चिरायला घेतले.

परतताना रिक्षात श्यामसुंदर म्हणाला, “पुढच्या वर्षी मी बाबांशी बोलतो.” तो बोलणारा माणूस नव्हता. पुढच्या वर्षी त्याने तोंड उघडले तेव्हा निलेश म्हणाला, “अरे दादा, बायकांच्या भानगडीत कशाला पडतोस?” आणि विषय आरतीच्या टाळ्यांत बुडाला. त्याच्या पुढच्या वर्षी तो पुन्हा बोलणार होता. फाल्गुनात कांदिवलीला, भाजी घेताना, हातातल्या पिशवीसकट तो खाली बसला तो उठला नाही.

माझ्या बहिणीचे दुःख मी इथे मांडणार नाही; ते तिचे आहे. तिची मुलगी निधी बंगळूरहून येऊन महिनाभर राहिली, मग परत गेली. ताई गाळ्यावर जाऊ लागली. गार्गीने तिला हवे तितके दिवस सुट्टी देऊ केली होती आणि सोबत दिवाळीच्या मागणीची आठवणही दिली होती.

श्रावणात एका रविवारी मी चारकोपला ताईकडे बसलो होतो. निलेश आला. त्याने पिशवीतून माणिकबाईंचे ठसे काढून चटईवर ठेवले. रबर काळवंडून ताठ झाले होते. एका पावलाची टाच मधोमध चिरली होती. देवघरातल्या समईची धग आणि तेल, दोन्ही रबराचे वैरी.

“वाट लागली ना याची,” तो म्हणाला. “वहिनी, नवीन करून द्याल? तो शाईचा कागद असेल ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“मग झालं. श्वेता म्हणाली, वहिनींशिवाय कुणाला जमणार नाही.”

“सण करणार आहात या वर्षी?” मी विचारले. “तुझा सख्खा भाऊ गेलाय.”

“बाबा म्हणाले, वय झालं, पुढची गौर बघेन न बघेन. भटजींनी सांगितलं, साधेपणाने करा.” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

ताईने ठसा उचलला, चिरेत नख घालून पाहिले. “गौर कोण घेणार?”

“श्वेता.”

“आणि मी?”

“या ना तुम्ही! घर तुमचंच आहे. म्हणजे… आतच असाल ना. प्रसादाचं वगैरे…”

‘विधवा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्यात तो उच्चारत नाहीत; पाळतात.

“माझ्या हातचा ठसा चालेल तुम्हाला?” ताईने विचारले.

“ठसा म्हणजे वस्तू आहे हो, वहिनी. मूर्ती कोण घडवतो, आपण विचारतो का?”

“बरं. मग मी करून देते. पण माझ्या मुठीचा करीन. पेडणेकरांची थोरली सून मी आहे. आयेनंतरची मूठ माझी. ती मला हाताने उमटवायला मिळाली नाही, आणि आता मिळणारही नाही, हे कळतंय मला. ठशातून तरी उमटू दे. श्वेता दाबेल, मी आत कांदे चिरीन. पण सगळ्यांना सांगून. पावलं कुंदाची आहेत, असं मोठ्याने सांगून.”

निलेशने कपाळ पुसले. तो दुष्ट माणूस नाही. या साऱ्या गोष्टीत एकही दुष्ट माणूस नाही, आणि माझा खरा संताप त्याचाच आहे. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता आले असते. त्याने वडिलांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि सगळे सांगितले. पलीकडे टीव्हीवर कीर्तन चालू होते.

“कुंदा,” धोंडूकाका म्हणाले, “बाय माजे, तू समजूतदार मा गे?”

एवढेच. निलेशने फोन बंद केला. ठसे तिथेच ठेवून तो उठला.

निलेश जिना उतरून गेल्यावर मी तिला माझ्या मते फार हुशारीची युक्ती सांगितली. “तू ठसा तुझ्याच मुठीचा कर आणि सासूचा म्हणून दे. सुरकुत्या कोण मोजतंय? दरवर्षी तुझ्या पावलांवरून गौर येईल आणि त्या शहाण्यांना कळणारही नाही.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी लहानपणी तिचे पेरू चोरले होते तेव्हाही तिने तसे पाहिले नव्हते.

“मला काय चोरून शिरायचंय त्या घरात? माझं आहे ते, भाऊ. स्वतःचं कुणी चोरतं का?”

तिने जुने ठसे कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी माझ्या हाती दहिसरला पाठवले. सोबत निरोप होता: करणार नाही. ‘आडमुठेपणा’ हा शब्द त्या संध्याकाळी जन्माला आला.

गौरीला मला निमंत्रण होते. गेलो, जायचे नव्हते, पण काय करतात ते डोळ्यांनी पाहायचे होते. दारात सोनेरी, चकचकीत पावले चिकटवलेली होती. श्वेताने बोरिवलीच्या बाजारातून पाकीट आणले होते. मागचा कागद सोलायचा आणि फरशीवर चिकटवायची. पावलांवर नक्षी, नक्षीत खोटे खडे. चाळीतल्या खोलीत उंबरठ्यापासून पाटापर्यंत चार हातांचे अंतर होते. मनोऱ्यातल्या घराला लांबलचक पॅसेज आहे आणि त्यापुढे हॉल. पाकिटातली पावले पॅसेज संपून टीव्हीच्या कपाटापाशी आली आणि तिथे संपली. पुढे पाटापर्यंत कोरी फरशी.

“अजून एक पाकीट आणायला हवं होतं यार,” निलेश पुटपुटला.

“आता कुठे जातोस? मुहूर्त चाललाय,” श्वेता म्हणाली आणि गौर घेऊन उंबरठ्यावर उभी राहिली.

“गौर आली?” आतून बायकांनी विचारले.

“आली.”

“कशाच्या पावलांनी आली?”

“सोन्याच्या पावलांनी आली.”

ती सोनेरी पावलांवरून टीव्हीच्या कपाटापर्यंत आली, क्षणभर अडखळली, खाली पाहिले, आणि उरलेल्या फरशीवरून तशीच चालत गेली. कुणी हरकत घेतली नाही. धोंडूकाका हात जोडून उभे होते. अक्षता पडल्या, आरती झाली, मोदक वाटले गेले. ज्या अंतरात कुणाच्याच मुठीचे पाऊल नव्हते, तेवढ्या फरशीवर पोरे बसून फुगे फोडत होती.

मी तिथून थेट चारकोपला गेलो. गाळ्याला सुट्टी होती, पण दिवाळीच्या कंदिलांचे ठसे घरी आणून ताई कात्रीने रबराच्या कडा छाटत बसली होती. कडा जवळून छाटली नाही, तर छापताना भोवती शाईचा डाग येतो. तिने मान वर न करता विचारले, “पावलं कुणी काढली?”

मी सांगितले. सोनेरी कागद, खोटे खडे, टीव्हीचे कपाट, सगळे. काहीही गाळले नाही, गाळायला हवे होते की काय ते मला अजून ठरवता आलेले नाही.

“आणि पुढचं? पाटापर्यंतचं?”

“पुढे काही नव्हतं. तशीच आणली.”

“मूठ नाही, ठसा नाही?”

“काहीच नाही.”

“कुणी काही बोललं?”

“कुणीही नाही.”

तिची कात्री थांबली.

“म्हणजे पावलांवाचूनही चालत होतं तर,” ती म्हणाली. “एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं असतं, तर मी वाट तरी पाहिली नसती.”